तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका: फायबरच्या कामातली बळकटी आणि चिवटपणा

फायबरचं, म्हणजे काचेचे धागे रेझिनमध्ये (पकून कडक होणाऱ्या राळेत) बसवून केलेलं झाकण तडकलं, टाकीचा नोझल मुळापाशी सुटला, ब्लोअरचं पातं तुटलं, की बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पहिला उपाय ठरलेला असतो: अजून दोन मॅट (काचेच्या तुटक धाग्यांच्या चादरी) मारा. भाग जड होतो आणि पुष्कळदा पुन्हा त्याच जागी तुटतो. तो का तुटला हे कुणी विचारलेलं नसतं, आणि जो सांगू शकला असता तो तुकडा तोवर भंगारात गेलेला असतो.

म्हणून आधी तो तुकडा जपून ठेवा. दिवसाच्या उजेडात, दहापट भिंगाखाली त्याची कड बघा. कड झाडूसारखी पिंजलेली असेल, धागे बाहेर आलेले असतील आणि ते कोरडे, स्वच्छ, रेझिनचा कणही न चिकटलेले दिसत असतील, तर काच आणि रेझिन यांची पकड कमी पडली. कड सुरीनं कापल्यासारखी सपाट असेल तर दोन शक्यता: पकड चांगली पण रेझिन ठिसूळ, किंवा आम्लानं काच खाल्लेली. थर वहीच्या पानांसारखे सुटे झाले असतील तर धाग्यांचा काही दोष नाही, दोन थरांमधल्या रेझिननं जीव सोडला. वाकवताना आतल्या बाजूला आडवी घडी पडली असेल तर तो दाबाखाली गेलेला भाग आहे, धागे वाकून मोडले. तुटलेल्या जागेभोवती पांढरट डाग पसरला असेल तर तिथे रेझिनमध्ये हजारो बारीक चिरा पडल्या आणि तेवढी ऊर्जा त्यांनी शोषली. हा शेवटचा प्रकार पाहून अनेक जण घाबरतात, पण तोच भाग त्यातल्या त्यात शहाण्यासारखा तुटलेला असतो.

या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पाचांपैकी एकाच प्रकाराला मॅट वाढवून फायदा होईल, आणि तोही जाडी वाढली म्हणून.

आपण सगळ्याला ‘मजबूत’ हा एकच शब्द वापरतो, तिथूनच घोळ सुरू होतो. ताठरपणा म्हणजे वजन टाकल्यावर किती कमी वाकतं. बळकटी म्हणजे तुटेपर्यंत किती ताण सोसतं. चिवटपणा म्हणजे आधीच एखादी चीर पडलेली असताना ती पुढे न्यायला किती ऊर्जा लागते. काचेची पट्टी ताठ आहे, बऱ्यापैकी बळकटही आहे, पण ओरखडा पडला की एका टिचकीत दोन तुकडे. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) पतंगाचा ढढ्ढा (मधली उभी काडी) आणि कमान बघा. बांबूची ती कामटी मोडायला गेलात तर ती कडकन दोन तुकडे होत नाही. रेषारेषांत उभी फाटते, कुसळं निघतात, आणि अर्धी मोडूनही हातात लोंबत राहते. बांबू हा निसर्गानं केलेला कंपोझिट, म्हणजे धागे आणि त्यांना धरणारा पदार्थ यांचा जोड, आहे. कामटीत भेग आडवी जायला निघते आणि धाग्याजवळ येताच वळून त्याच्या बाजूनं पळते. चिवटपणा म्हणजे भेगेला हा वळसा घ्यायला लावणं.

एकटी काच इतकी ठिसूळ असताना तिच्या धाग्यांपासून ही ताकद कुठून येते? ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली छापलेल्या कामात हे मोजून दाखवलं होतं. जाड काचदांडी साधारण १७० मेगापास्कलला (हे ताणाचं माप) तुटली, तर तीन-साडेतीन मायक्रॉनच्या ताज्या धाग्यानं ३,४०० मेगापास्कलच्या आसपास ताण सोसला. धागा जितका बारीक, तितकी त्यात मोठी चीर असण्याची जागाच कमी. पण ही ताकद धाग्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असल्यामुळे ती घासली की उतरते. रोव्हिंगचा (काचेच्या सलग धाग्यांच्या लडीचा) गठ्ठा जमिनीवर ओढला, मॅट बुटाखाली आली, कोरड्या कापडावर रोलर फिरला की धागे ओरखडले जातात. लॅमिनेटमध्ये (थर रेझिनमध्ये बसवून केलेल्या भागात) पोहोचेपर्यंत ई-ग्लासच्या, म्हणजे नेहमीच्या काचेच्या, धाग्याचं प्रत्यक्ष बळ २,००० मेगापास्कलच्या आसपास धरणं शहाणपणाचं. कापड टेबलावर कापा, गुंडाळी उभी न ठेवता दांड्यावर आडवी टांगा. फुकटात मिळणारी बळकटी ही पहिली.

पकड किती हवी

आता मुख्य गोष्ट. धागा स्वतः भार घेत नाही, रेझिन त्याच्या अंगावरून खेचून तो त्याच्यात उतरवतं. धागा पुरेसा लांब असेल तरच तो पूर्ण ताणापर्यंत पोहोचतो, नाहीतर तुटण्याआधी उपटून निघतो. या किमान लांबीचं गणित केली आणि टायसन यांनी १९६५ साली मांडलं: धाग्याचं बळ गुणिले व्यास, भागिले पकडीच्या कातर-बळाची (घसरून सुटण्याआधी सोसलेल्या ताणाची) दुप्पट. धागा १४ मायक्रॉनचा, बळ २,००० मेगापास्कल, पकड ३० मेगापास्कल धरली तर उत्तर येतं जेमतेम अर्धा मिलिमीटर. पकड १० वर आली तर दीड मिलिमीटरच्या जरा आत.

आपल्या चॉप्ड मॅटमधले धागे ५० मिलिमीटरचे असतात. म्हणजे पकड तिपटीनं ढासळली तरी कोरड्या भागाच्या ताणबळात फारसा फरक दिसणार नाही. इंजेक्शन मोल्डिंगच्या काचभरल्या नायलॉनमध्ये मात्र स्क्रूतून जाता जाता धागे तुटून ०.२ ते ०.५ मिलिमीटर उरतात. तिथे पकड हेच सर्वस्व आहे. दोन्ही उद्योग एकाच शहरात, एकाच वसाहतीत चालतात, आणि एकाचं शहाणपण दुसऱ्याला उसनं दिलं की फसगत होते.

मग मॅटच्या कामात पकड हवीच कशाला? थर सुटू नयेत म्हणून, आडव्या दिशेनं चीर पडू नये म्हणून, आणि सर्वांत जास्त पाण्यासाठी. काचेच्या धाग्यावर सायलेनचा अगदी पातळ लेप असतो. त्याचं एक टोक काचेशी आणि दुसरं रेझिनशी रासायनिक बंध जोडतं. पॉलिएस्टर आणि विनाइल एस्टर या रेझिनसाठी मेथाक्रिल गटाचा सायलेन लागतो, इपॉक्सीसाठी अमिनो किंवा इपॉक्सी गटाचा. चुकीच्या लेपाचा धागा कोरड्या चाचणीत चांगला दिसतो आणि दोन पावसाळ्यांनंतर पाणी काचेच्या अंगावरून आत शिरतं. म्हणून रोव्हिंगच्या खोक्यावरचं लेबल वाचा, त्यावर कोणत्या रेझिनसाठी ते लिहिलेलं असतं. मॅटचं बाइंडरही (धागे एकत्र धरणारा डिंक) बघा: इमल्शन किंवा पावडर बाइंडर पॉलिएस्टरला पातळ ठेवणाऱ्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि मॅट मऊ पडते, इपॉक्सीत स्टायरीनच नसतं, त्यामुळे तीच मॅट पुठ्ठ्यासारखी कडक राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीसाठी विणलेलं किंवा टाके घातलेलं कापडच घ्यावं.

पण पकड जितकी जास्त तितकं चांगलं, हेही खरं नाही. कुक आणि गॉर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवलं की भेगेच्या टोकापुढे एक आडवा ताणही चालतो, मुख्य ताणाच्या साधारण पाचव्या हिश्शाचा. भेगेच्या वाटेतली सीमारेषा यापेक्षा कच्ची असेल तर भेग पोहोचण्याआधीच ती उघडते आणि भेगेचं टोक बोथट होतं. सीमारेषा फार पक्की असेल तर भेग धाग्याला न जुमानता आरपार जाते, आणि कड सुरीनं कापल्यासारखी दिसते. चिवटपणाची बरीचशी ऊर्जा धागे सुटण्यात आणि घासत बाहेर निघण्यात खर्च होते. गोळी अडवणाऱ्या पॅनेलमध्ये म्हणूनच रेझिन मुद्दाम वजनाच्या जेमतेम विसेक टक्के ठेवतात आणि पकडही बेताची: तिथे थर सुटणं हेच काम आहे. रसायनाच्या टाकीत ही युक्ती चालणार नाही. भाग कशासाठी आहे हे ठरल्याशिवाय पकडीचा प्रश्न सुटत नाही.

रेझिन: किती ताणलं जातं ते विचारा

रेझिन घेताना दर आणि जेल टाइम (जमायला लागणारा वेळ) विचारला जातो. विचारायला हवं ते तुटेपर्यंतची लांबण. साध्या ऑर्थो पॉलिएस्टरची ती दोन टक्क्यांच्या आसपास, आयसो पॉलिएस्टरची थोडी जास्त, बिसफेनॉल-ए विनाइल एस्टरची पाच-सहा टक्के, रबर घातलेल्या विनाइल एस्टरची आठ-दहा किंवा त्याहून वर.

‘लॅमिनेट तर एक टक्कासुद्धा ताणलं जात नाही, मग दोन टक्के पुरे नाहीत का?’ असा प्रश्न येतो, आणि तो योग्य आहे. उत्तर असं की ताणाला आडव्या पडलेल्या धाग्यांच्या मधली रेझिनची फट अगदी अरुंद असते. काच रेझिनपेक्षा वीसपट ताठ, ती हलत नाही. त्यामुळे सगळी लांबण त्या फटीलाच द्यावी लागते आणि तिथला ताण सरासरीच्या कितीतरी पट होतो. काच-पॉलिएस्टरच्या उभ्या-आडव्या रचनेत पहिल्या चिरा ०.३ ते ०.५ टक्के लांबणीलाच पडू लागतात. तेव्हा बारीक ‘चटचट’ ऐकू येते. भाग तुटलेला नसतो, पण पाण्याला आणि आम्लाला वाट मिळालेली असते. टाक्यांच्या डिझाइनमध्ये लांबण ०.१ ते ०.२ टक्क्यांत ठेवतात, त्यामागे हेच कारण आहे.

इपॉक्सीला चिवट करण्याची जुनी आणि खात्रीची वाट म्हणजे द्रव रबर, शंभर भागांना पाच ते दहा भाग. पकताना ते वेगळं होऊन एक ते पाच मायक्रॉनचे गोळे बनतात. भेगेपुढे हे गोळे फुगतात, फाटतात, भोवतालचं रेझिन वाहू देतात. मोकळ्या रेझिनच्या ठोकळ्यात चिवटपणा दहापट वाढलेला दिसतो. लॅमिनेटमध्ये त्याचा थोडाच भाग उतरतो, कारण भेगेपुढे रेझिन वाहायला दहा-वीस मायक्रॉन मोकळी जागा लागते आणि दोन धाग्यांमध्ये असतात जेमतेम दोन-चार. म्हणून रबराचा पैसा सगळ्या जाडीत ओतण्यापेक्षा थरांच्या सीमेवर आणि चिकटवलेल्या सांध्यात घालावा, असं माझं मत आहे. रबराचा जो अंश विरघळूनच राहतो तो रेझिनचं मऊ पडण्याचं तापमान खाली आणतो. आधीच तयार झालेले, शे-दोनशे नॅनोमीटरचे गाभा-कवच रबरकण घेतले तर हा तोटा कमी होतो, किंमत मात्र वाढते.

नॅनो-पावडर विकणारेही हल्ली दारात येतात. कण सुटे राहिले तर थोडा फायदा आहे, पण साध्या ढवळणीनं त्यांच्या गाठी होतात आणि प्रत्येक गाठ ही एक तयार चीर असते. तीन-रोल मिल (गाठी दळून कण सुटे करणारं यंत्र) नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

याउलट तीन सवयी चिवटपणा हमखास मारतात. रेझिन पुरवायला वरून स्टायरीन ओतणं ही पहिली: पाच टक्क्यांच्या पुढे गेलात की आकुंचन वाढतं आणि रेझिन ठिसूळ होतं. दुसरी, चुन्याची भुकटी भरमसाट घालणं. तिसरी सर्वांत वाईट, कॅटॅलिस्ट (रेझिन पकवणारं द्रव्य) बुचानं मोजणं. एक किलो पॉलिएस्टरला दीड टक्का एमईकेपी (हा नेहमीचा कॅटॅलिस्ट) म्हणजे १५ ग्रॅम, अंदाजे १३ मिलिलिटर. त्याला वीस रुपयांची सिरिंज पुरते. एक टक्क्याच्या खाली रेझिन कधीच पूर्ण पकत नाही; अडीच-तीनच्या वर गेलं तर एमईकेपीबरोबर येणारं तेलकट द्रावण आतच राहून भाग मऊ करतं.

मे महिन्यात बडोद्याची शेड ४२ अंशांवर जाते. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट धरला तर २५ अंशांना अर्ध्या तासात जमणारं रेझिन दहा मिनिटांत जमेल. तेव्हा कॅटॅलिस्ट कमी करण्याचा मोह होतो. एक टक्क्याखाली जाऊ नका. कोबाल्ट (पकण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) कमी करा, पुरवठादाराकडून उन्हाळ्याचं, जास्त इनहिबिटरचं (जमणं लांबवणाऱ्या द्रव्याचं) रेझिन मागवा, आणि मोठ्या लेअपला (थर रचण्याच्या कामाला) सकाळी सहाला हात घाला. स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट ३१ अंश आहे, म्हणजे त्या महिन्यांत शेडमधलं उघडं पिंप ठिणगीवर पेट घेऊ शकतं. आणि कोबाल्ट व एमईकेपी कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मग कॅटॅलिस्ट. हे नव्या मुलाला पहिल्या दिवशी, पहिल्या तासात सांगायचं.

विनाइल एस्टरमध्ये साधं एमईकेपी घातलं की फेस येतो, कारण त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड वायू सोडतं. फेस बसेपर्यंत थांबणं किंवा कमी-पेरॉक्साइडचा कॅटॅलिस्ट घेणं, एवढेच मार्ग. तो फेस रोलरनं निघेल या भरवशावर राहू नका.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. ओलावा कोबाल्टचं काम मंदावतो, पृष्ठभाग चिकट राहतो, काचेवर पाण्याचा पातळ पदर बसतो. मॅटची गुंडाळी कामाच्या आदल्या दिवशी शेडमध्ये आणून बंद पिशवीतच ठेवावी, म्हणजे थंड काचेवर दव धरत नाही. इपॉक्सीच्या थरावर पावसाळी हवेत पांढरी, साबणासारखी साय येते. ती कोमट पाण्यानं आणि खरखरीत स्पंजनं धुवायची, मग घासायचं. अॅसिटोननं ती निघत नाही, पसरते.

थर आणि हवा

४५० ग्रॅमच्या मॅटला (हे चौरस मीटरचं वजन) चौरस मीटरमागे ९०० ते १,००० ग्रॅम रेझिन लागतं. जाडी जवळपास एक मिलिमीटर, आणि काचेचा आकारमानातला वाटा फक्त एकोणीस टक्के. ६०० ग्रॅमच्या विणलेल्या रोव्हिंगला तेवढंच, म्हणजे ६०० ग्रॅम रेझिन. जाडी पाऊण मिलिमीटरच्या जरा आत, काच बत्तीस टक्के. पहिल्याचा ताठरपणा साधारण ८ गिगापास्कल, दुसऱ्याचा १४ च्या आसपास. आकडे बघून कुणालाही वाटेल की नुसती रोव्हिंगच वापरावी. तसं केलं की रोव्हिंगवर रोव्हिंग सोलून निघते. विणीच्या उंच-सखल भागांत रेझिनचे ठिसूळ डबके उरतात आणि थर ओलांडून जाणारा एकही धागा नसतो. मध्ये ३०० किंवा ४५० ची मॅट घातली की तिचे आडवेतिडवे धागे दोन्ही विणींत रुततात. मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट: ही जुनी रीत अजूनही बरोबर आहे.

एकाच दिशेचे थर एकत्र रचू नका. तीन उभे आणि वर तीन आडवे असे रचण्यापेक्षा एक उभा, एक आडवा असे विखरून ठेवले तर आडव्या थरातली चीर उशिरा पडते, कारण पातळ थरातल्या चिरेला वाढायला ऊर्जा कमी मिळते आणि शेजारचे धागे तिला धरून ठेवतात. काच तेवढीच, रेझिन तेवढंच, खर्च शून्य. रचना मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखी ठेवा, नाहीतर भाग साच्यातून निघताच पापडासारखा वळतो.

एका बैठकीत तीन-चार मिलिमीटरच्या वर जाऊ नये. पॉलिएस्टर पकताना आकारमानात सात-आठ टक्के आकसतं आणि जाड थरात उष्णता अडकते. मग आतून पांढऱ्या रेघा दिसतात. त्या रेघांची सुरुवात भार येण्याआधीच झालेली असते.

हवेच्या बुडबुड्यांचा हिशोब साधा आणि कठोर आहे: चारेक टक्क्यांपर्यंत दर एक टक्का पोकळीमागे थरांमधलं कातर-बळ सुमारे सात टक्क्यांनी उतरतं. हातकामात रेझिन आधी साच्यावर, मग मॅट, म्हणजे ते खालून वर चढतं आणि हवा पुढे ढकलली जाते. वरून ओतलं की हवा खाली अडकते. खाचांच्या चकत्या असलेला रोलर मधून कडेकडे, सावकाश. जोरानं पुढे-मागे केलं तर फेस होतो.

व्हॅक्यूम इन्फ्यूजनमध्ये, म्हणजे कोरडे थर पिशवीत बंद करून हवेच्या ओढीनं रेझिन आत घेण्याच्या पद्धतीत, काच आकारमानात पन्नास टक्क्यांपर्यंत, वजनात अडुसष्टच्या आसपास जाते. रेझिन १५० ते ३५० सेंटिपॉइझचं (दाटपणाचं माप) हवं. पिशवी बंद केल्यावर नळी चिमटून दहा मिनिटं दाबाचा मीटर पहा. दहा मिलिबारपेक्षा जास्त चढला तर गळती शोधल्याशिवाय रेझिन सोडू नका. इथे उन्हाळ्याची एक खास अडचण आहे. शुद्ध स्टायरीनचा बाष्पदाब २० अंशांना सहा-सात मिलिबार असतो, ४० अंशांना वीसच्या आसपास, आणि पकतानाची उष्णता त्यात भर घालते. उत्तम पंप लावून पाच मिलिबारपर्यंत खेचलं की पिशवीत स्टायरीनच उकळू लागतं, आणि बुडबुडे गळतीचे समजून माणूस कडा तपासत बसतो. भरेपर्यंत पूर्ण ओढ, भरून झालं की ५० ते १०० मिलिबारवर आणून जमेपर्यंत तिथेच ठेवा.

नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीत जाणाऱ्या भागांबद्दल वेगळं सांगायला हवं. पातळ सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लातले हायड्रोजन आयन ई-ग्लासमधलं कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम बाहेर काढतात. धाग्याची साल आकसते, तडकते, आणि अगदी कमी ताणावर धागा तुटतो. एकामागून एक धागे तुटत गेले की ती सपाट, कापल्यासारखी कड तयार होते. इथे जास्त काच म्हणजे जास्त धोका. आतून आधी सी-ग्लासचा (आम्लाला टिकणाऱ्या काचेचा) टिश्यू, पाव ते अर्धा मिलिमीटर, त्यात रेझिन नव्वद टक्के. त्यावर ४५० च्या दोन मॅट, रेझिन सत्तर-पंचाहत्तर टक्के. मिळून किमान अडीच मिलिमीटर. भार घेणारे थर त्यानंतर. भार घेणाऱ्या थरांतही बोरॉन नसलेली ईसीआर काच घेतली तर फार बरं. या आतल्या पदराचं रेझिन लांबणीला उदार हवं, कारण टाकी क्रेननं उचलताना किंवा गरम द्रव अचानक ओतताना जी पहिली चीर पडते ती इथेच पडते. लवचीक पॉलिएस्टर मिसळून लांबण वाढवायची युक्ती मात्र टाकीत वापरू नका, त्यानं रसायनरोध जातो.

कोपऱ्यांकडे आणि भोकांकडे फार दुर्लक्ष होतं. आतला कोपरा काटकोनात असेल तर मॅट तिथे तंबूसारखी ताणली जाते आणि खाली नुसतं रेझिन किंवा हवा. सहा मिलिमीटर त्रिज्या किमान, दहा असेल तर उत्तम. मॅटच्या लेअपमध्ये भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. एकाच दिशेच्या कार्बनमध्ये तो सातपटीच्या आसपास जातो. बोल्टच्या जागी ४५ अंशांत थर वाढवा, कडेपासून भोकाचा मध्य व्यासाच्या तिप्पट दूर ठेवा. भोक पाडताना मागे लाकूड दाबून धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचा थर सोलून निघतो. जेलकोट (बाहेरचा नुसत्या रेझिनचा पदर) ०.४ ते ०.६ मिलिमीटर, ०.८ च्या वर गेला की पहिल्याच ठोक्याला चांदणीच्या आकाराच्या चिरा.

मोजल्याशिवाय कळत नाही

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक लेअपबरोबर त्याच रेझिनचा, त्याच हाताचा एक फूटभर चौरस तुकडा काढा. बारकोल मीटरनं दहा जागी कडकपणा मोजा. रेझिनच्या कागदावर दिलेल्या आकड्याच्या नव्वद टक्के तरी यायला हवेत. कमी आले तर २४ तासांनी ८० अंशांवर तीन तास शेका आणि पुन्हा मोजा. असा शेकून पकवलेला (पोस्ट-क्युअर) नसलेला भाग ठिसूळ नसला तरी उन्हात मऊ पडतो, हे ध्यानात ठेवा. अॅसिटोनचे दोन थेंब टाकून बोटानं चोळा, चिकट लागलं तर वरचा पदर पकलेला नाही. २५ मिलिमीटरचा चौकोन वजन करून ५६५ अंशांच्या भट्टीत जाळा. उरलेल्या काचेचं वजन खरं प्रमाण सांगतं, आणि विझलेले थर मोजले की कुणी एखादी मॅट गाळली का तेही कळतं.

थरांमधलं बळ बघायला आखूड पट्टीची चाचणी, एएसटीएम डी २३४४. सहा मिलिमीटर जाडीला रुंदी १२, लांबी ३६, आधारांतलं अंतर २४. तुटतानाचा भार गुणिले पाऊण, भागिले रुंदी-जाडीचा गुणाकार. २,४०० न्यूटनला गेली तर २५ मेगापास्कल. विणलेल्या काच-पॉलिएस्टरला हे बरं म्हणायचं. आता तशाच पट्ट्या दोन तास पाण्यात उकळून पुन्हा मोडा. बळ पंचमांशाहून जास्त उतरलं तर सायलेन आणि रेझिन जुळत नाहीत, किंवा रेझिन कच्चं आहे. माझ्या मते एखाद्या नव्या रोव्हिंगच्या खोक्याबद्दल निर्णय घ्यायला हीच सर्वांत उपयोगी चाचणी आहे.

रोलर धरणाऱ्यानं स्वतः ही पट्टी मोडलेली पहावी. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन हे तंत्रविद्यालय उभारलं तेव्हा कारागिराचा हात आणि शास्त्र एका छताखाली आणण्याचाच विचार होता. आजही आपल्याकडे लेअप करणारा आणि रिपोर्ट वाचणारा एकमेकांना भेटत नाहीत, आणि त्याची किंमत भागात दिसते.

राहिली दुरुस्ती. भोकावर ठिगळ लावून चिवटपणा परत येत नाही, कारण ठिगळाच्या कडेशी ताण एकवटतो. जखम घासून उतार करा, जाडीच्या वीसपट: सहा मिलिमीटर जाडीला चहूबाजूंनी १२० मिलिमीटर. तुटलेल्या जागेभोवतीचा पांढरट भाग नाण्यानं ठोकून पहा. आवाज बद्द आला तर तोही काढावा लागेल. ८० नंबरच्या पेपरनं चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. मेण घातलेलं रेझिन असेल तर आधी अॅसिटोननं पुसून मग घासा, नाहीतर मेण भेगांत दाबलं जातं. जुनं पॉलिएस्टर असलं तरी दुरुस्तीला विनाइल एस्टर किंवा इपॉक्सी वापरलं तर पकड जास्त मिळते. इपॉक्सी वापरलीत तर काचही तिच्या जोडीची, आणि वरून पॉलिएस्टर जेलकोट मारायचा नाही. तो तिच्यावर नीट पकत नाही आणि सुटतो. पहिला थर सर्वांत मोठा, म्हणजे तो पूर्ण उतारावर बसतो, मग लहान होत जाणारे. घासल्यापासून पहिली मॅट बसेपर्यंत त्या जागेला हात लावू नका, तळहाताचा घाम आणि तेल पुरेसं असतं.